बार्कर, डॅनी
(१३ जानेवारी १९०९ – १३ मार्च १९९४). अमेरिकन जॅझ संगीतकार. गिटार व बँजो वादक, गायक आणि लेखक. जन्म व मृत्यू न्यू ऑर्लिन्स येथे. आजोबा इझिडोर बार्बरिन ऑनवर्ड ब्रास बँडमध्ये वाजवत, तर मामा पॉल बार्बरिन नामांकित ड्रमवादक होते. १९३० मध्ये बार्कर न्यूयॉर्कला गेले. लकी मिलिंडर, बेनी कार्टर आणि १९३९ ते १९४६ या काळात कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदांतून त्यांनी गावोगाव दौरे केले. अशा मोठ्या ताफ्यात गिटारवाल्याने ताल धरून ठेवायचा. एकट्याने वाजवायची संधी क्वचितच मिळे.

१९६५ मध्ये पत्नी, गायिका ब्लू लू बार्कर यांच्यासह ते गावी परतले. त्यांचे खरे कार्य येथून सुरू झाले, असे म्हणावे लागते. स्थानिक जॅझ संग्रहालयात त्यांनी अभिरक्षकाचे सहायक म्हणून काम केले. मिरवणुकीत वाजणाऱ्या ब्रास बँडमधले वादक तोवर म्हातारे झाले होते आणि तरुणांचा ओढा दुसरीकडे होता. १९७०च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री अँड्र्यू डार्बी यांच्या सांगण्यावरून बार्कर यांनी मुलांचा बँड उभारला. सराव चाले तो लिरॉय जोन्स या बारा-तेरा वर्षांच्या ट्रंपेटवादकाच्या घरच्या गॅरेजमध्ये. विंटन व ब्रॅनफर्ड मार्सालिस, ड्रमवादक हर्लिन रायली, ट्रॉम्बोनवादक लुसियन बार्बरिन ही सारी या बँडमधली मुले.

बार्कर वादकांच्या कामगार संघटनेबाहेरच्या पोरांना राबवतात, असा आक्षेप या संघटनेतल्या वादकांनी घेतला, तेव्हा ते बाजूला झाले. पण बँड विस्कटला नाही; १९७४ मध्ये जोन्सच्या नेतृत्वाखाली मुलांनी हरिकेन ब्रास बँड काढला. १९७७ मध्ये निघालेल्या आणि जुन्या मिरवणूक-संगीताला नवे वळण देणाऱ्या डर्टी डझन ब्रास बँडमध्येही या परंपरेतले वादक होते.

‘अ लाइफ इन जॅझ’ (१९८६) हे त्यांचे आत्मचरित्र. किस्से रंगवून सांगण्याची त्यांची हातोटी त्यात पानोपानी जाणवते. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीचा ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान मिळाला.

वादकांच्या अंत्ययात्रांत शिस्त उरली नाही, म्हणून स्वतःसाठी वाजतगाजत अंत्ययात्रा त्यांना नको होती. ट्रंपेटवादक ग्रेग स्टॅफर्ड यांनी मर्यादा पाळण्याची हमी दिल्यावर कुटुंबीय राजी झाले आणि जुन्या रिवाजानुसार काळे सूट घातलेल्या वादकांनी त्यांना सेंट लुइस स्मशानभूमी क्र. २ कडे नेले.