ज्यू–कॅथलिक संवाद, उत्तर कोकणातील

ज्यू–कॅथलिक संवाद, उत्तर कोकणातील : ज्यू व कॅथलिक ख्रिस्ती यांनी एकमेकांचा धर्म त्या त्या धर्माच्या माणसांकडून समजून घ्यावा व आपल्या मुलांनाही तसाच शिकवावा, यासाठी झालेले प्रयत्न. जगभर त्यांचा आरंभ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून मानतात. मुंबई, वसई, ठाणे, भिवंडी व खाली अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात हे दोन समाज त्याआधी कित्येक पिढ्या नांदत होते. वसईचे कॅथलिक आणि बेने इस्राएल (कोकणातले ज्यू), दोघेही घरात मराठी किंवा तिची बोली बोलणारे. तरीही दोघांमध्ये धर्माविषयी बोलणे फारसे झाले नाही.

याला इतिहास आहे. पोर्तुगिजांनी १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) स्थापन केले. बाप्तिस्मा घेऊनही गुपचूप ज्यू धर्म पाळल्याचा संशय असलेले ‘नवख्रिस्ती’ हे त्याचे एक मुख्य लक्ष्य होते. भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध करणारा वैद्य गार्सिया द ओर्टा हा अशाच घराण्यातला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जात. त्यांनी बाप्तिस्माच घेतलेला नसल्याने ते या न्यायालयाच्या मुख्य लक्ष्याबाहेर राहिले. हे न्यायालय बंद झाले १८१२ मध्ये. वसईच्या आंब्या-केळीच्या वाड्यांतून फिरताना हा भाग कोणी काढत नाही, पण नोंद त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

धर्मन्यायालयाच्याच काळात एका जेझुइटाने वेगळे काम केले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापले गेले. त्याच्या ‘पहिल्या पुराणा’त जुन्या कराराची, म्हणजे मुळात ज्यूंच्या धर्मग्रंथाची कथा मराठी ओव्यांत आहे. हेतू अर्थातच नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिकांच्या शिकवणीचा होता. ज्यूंशी बोलण्याचा विचार त्यात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएलांनी याच कथेतील पूर्वजांची चरित्रे मराठी कीर्तनांतून गायला सुरुवात केली. अब्राहाम, योसेफ, मोशे हेच नायक. एकीकडे ओवी, दुसरीकडे टाळ-मृदंग. मराठीत एवढी सामाईक सामग्री असताना दोघांनी एकमेकांचे वाचले-ऐकल्याच्या खुणा जवळजवळ सापडत नाहीत, हे नवलच.

बेने इस्राएलांच्या शिक्षणात ख्रिस्ती हात लागला तो प्रॉटेस्टंटांचा. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. धर्मांतरे अगदी मोजकी झाली, उलट हिब्रू हाती आल्याने समाज आपल्याच धर्मात पक्का झाला. १८४६ मध्ये पेसाह सणाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली. मिशनऱ्यांच्या हिशेबात हे फळ नसावे. कॅथलिक शाळांतही पुढे ज्यू मुले आली. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) भायखळ्याच्या अँटोनियो डिसोझा हायस्कूलचे विद्यार्थी. अशा शाळांत शेजार मिळाला. धर्माचा तास वेगळाच राहिला.

खरा बदल रोममध्ये झाला आणि त्याची चाहूल मुंबईला आधीच लागली होती. ज्यूंविषयीच्या मसुद्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्राथमिक मतदान झाले २० नोव्हेंबर १९६४ रोजी. त्यानंतर दोनच आठवड्यांत पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले व ३ डिसेंबरला अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे व्हॅटिकन परिषदेचे निवेदन जाहीर झाले. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. १९७४ व १९८५ च्या मार्गदर्शक सूचनांनी धर्मशिक्षणाची पुस्तके व प्रवचने तपासण्यास सांगितले. संवादाची शैक्षणिक बाजू खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

पण तोवर कोकणातले ज्यू इस्राएलला निघाले होते. आज भारतभरात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत मानली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. भिवंडीकराला सिनेगॉग पाहायचे तर खाडीपलीकडे ठाण्याला जावे लागते. तेथील शाआर हश्शामाईम १८७९ चे आहे. त्यामुळे इथला संवाद बराचसा कॅथलिकांनी कॅथलिकांना शिकवण्याचाच झाला आहे. मराठीत ते काम वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी सर्वाधिक केले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात त्यांनी इस्राएल-पॅलेस्टाइन प्रश्न मराठी वाचकापुढे मांडला.

भिवंडीचा स्वतःचा वाटा वेगळ्या वाटेने येतो; तो ज्यू–कॅथलिक नव्हे, हिंदू-मुस्लिम संवादाचा आहे. १९७० व १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून येथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसह नेमाने बसत आणि गल्लीतल्या कुरबुरी तिथेच मिटवत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ज्यू–कॅथलिक संवाद चर्चासत्रे आणि निवेदने यांतच अडकला, त्याला असे वस्तीपातळीचे रूप कधी आले नाही. ठाण्यात सिनेगॉग आणि पोर्तुगीज काळातले चर्च एकाच शहरात असताना ही उणीव केवळ संख्येच्या माथी मारता येत नाही.