झिजेची नोंद आणि नोंदीचा धनी : चाकांच्या विद्युत् खुर्चीच्या मोटारीचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात शोधाला जे मानाचे स्थान मिळते ते झिजेला मिळत नाही. एखादे यंत्र प्रथम कोणी आणि कोणत्या साली चालविले याची नोंद ग्रंथांतून आढळते. ते कशाने झिजले, ती झीज कोणाच्या ध्यानात आली आणि ध्यानात आल्यावर काय करण्यात आले, याची नोंद बहुधा दुरुस्तीच्या कागदांबरोबरच नाहीशी होते. चालण्यास असमर्थ असलेल्या माणसाची विद्युत् खुर्ची, रुग्णाला उचलणारे यंत्र, श्वसन चालू ठेवणारे उपकरण यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारखान्यातील मोटार थांबली तर उत्पादन थांबते. येथे मोटार थांबली तर एका माणसाचे हिंडणे, उठणे किंवा श्वास घेणे थांबते. असे असूनही मोटारीची झीज आगाऊ ओळखण्याच्या पद्धती या साधनांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचल्या. या विलंबाची कारणे केवळ तांत्रिक नव्हती, हे या इतिहासाच्या अवलोकनावरून दिसून येते.

प्रथम झिजेचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. एकदिश प्रवाहाच्या मोटारीत फिरत्या भागाला वीज पोहोचविण्यासाठी दिक्परिवर्तक, म्हणजे कॉम्युटेटर, आणि त्यावर घासणारे ब्रश असतात. ‘ब्रश’ हे नाव आज विचित्र वाटते. परंतु प्रारंभी हे भाग खरोखरच तांब्याच्या तारांच्या कुंचल्यासारखे होते. तांब्यावर तांबे घासल्याने ठिणग्या उडत आणि दिक्परिवर्तकाचा पृष्ठभाग लवकर खराब होई. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्ज यांनी कार्बनच्या ब्रशाचे एकस्व घेतले, आणि १८८८ च्या सुमारास चार्ल्स व्हॅन डेपोल यांनी अमेरिकेतील ट्रामगाड्यांच्या मोटारींत कार्बन वापरून दाखविला. या बदलाचा अर्थ झीज नाहीशी झाली असा नव्हे. ती महागड्या दिक्परिवर्तकावरून स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या ब्रशावर ढकलण्यात आली. मोटारीचा एक भाग झिजण्यासाठीच नेमला गेला, आणि तो केव्हा बदलावयाचा हा प्रश्न त्याबरोबरच जन्माला आला.

हा प्रश्न दिनदर्शिकेने सुटत नाही, याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. जमिनीवर शेकडो तास टिकणारे विमानातील जनित्रांचे ब्रश अतिउंचीवर काही तासांत भुगा होऊन जाऊ लागले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा उलगडा आहे : ग्रॅफाइटचे गुळगुळीतपण हा त्याचा केवळ अंगभूत गुण नसून हवेतील बाष्पावर ते अवलंबून असते, अतिउंचीवरील कोरड्या, विरळ हवेत ते उरत नाही. एकच ब्रश एका परिस्थितीत दीर्घकाळ टिकतो व दुसऱ्या परिस्थितीत लगेच संपतो. म्हणून झीज ही वयावरून अनुमानण्याची गोष्ट नसून प्रत्यक्ष पाहण्याची गोष्ट आहे, हे यातून स्पष्ट झाले.

शुश्रूषेच्या साधनांत मोटारीचा प्रवेश याच काळाच्या आगेमागे झाला. १९२८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर व लुई ॲगासी शॉ यांनी तयार केलेले ‘लोखंडी फुप्फुस’ बॉस्टनच्या बालरुग्णालयात प्रथम वापरण्यात आले. त्यातील हवेचा दाब बदलण्याचे काम विजेवर चालणारे पंखे करीत. १९३१ मध्ये जॉन एमर्सन यांनी त्याची अधिक साधी व स्वस्त आवृत्ती बनविली. वीज गेल्यास हे यंत्र हातानेही चालविता येई. या योजनेत त्या काळाची दृष्टी दिसून येते. मोटार केव्हा निकामी होईल हे सांगण्याचे साधन नव्हते. ती निकामी होईल हे गृहीत धरून शेजारी माणसाचा हात ठेवलेला होता. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत यंत्रे अपुरी पडली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या फुप्फुसांत हाताने हवा भरली. रुग्णालयाच्या भिंतींच्या आत मोटारीला पर्याय होता, आणि तो पर्याय मनुष्यबळाचा होता.

विद्युत् खुर्चीने ही परिस्थिती बदलली. मोटार बसविलेल्या खुर्च्या त्यापूर्वीही तयार झाल्या होत्या. तथापि हातापायांची शक्ती गेलेल्या माणसाला स्वतः चालविता येईल अशी खुर्ची कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केली. १९५६ मध्ये अमेरिकेतील एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या कंपनीने अशा खुर्च्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. या खुर्चीत बसलेला माणूस रुग्णालय सोडून रस्त्यावर, बाजारात, वर्गात जाऊ लागला. तेथे मोटार थांबली तर एमर्सनच्या यंत्राप्रमाणे दांडा हलविणारा कोणी शेजारी नसे.

अशा खुर्चीला बहुधा दोन स्वतंत्र मोटारी असतात, प्रत्येक बाजूच्या चाकाला एक. वळण्यासाठी वेगळे सुकाणू नसते. दोन चाकांच्या वेगांतील फरकानेच खुर्ची वळते. यास्तव एका मोटारीतील ब्रश झिजला म्हणजे त्याचा परिणाम मोटारीपुरता राहत नाही. ब्रश आखूड होतो तसा त्यामागील स्प्रिंगचा दाब बहुधा कमी होतो, स्पर्श कच्चा होतो, ठिणग्या वाढतात आणि त्या बाजूचे चाक किंचित मागे पडते. सरळ जाण्यासाठी धरलेला दांडा खुर्चीला सरळ नेत नाही. शिवाय येथे विजेचा दाब साधारणतः २४ व्होल्ट इतकाच असतो. शुद्ध कार्बनच्या प्रत्येक ब्रशाच्या स्पर्शस्थानी सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. दोन ब्रशांचे २ व्होल्ट म्हणजे उपलब्ध दाबाचा बारावा हिस्सा होय. म्हणूनच कमी दाबाच्या मोटारींत तांबे मिसळलेले ब्रश वापरण्याची प्रथा आहे. जेथे दाबाची शिल्लक इतकी थोडी, तेथे स्पर्शातील अल्प बिघाडही चालीत उमटतो.

हा बिघाड सर्वप्रथम ज्याला जाणवतो तो खुर्चीत बसलेला माणूस होय. खुर्ची डावीकडे ओढते आहे, चढावर नेहमीपेक्षा अधिक कण्हते आहे, गरम कार्बनचा वास येतो आहे, ही त्याची निरीक्षणे होत. ती काटेकोर असतात. कारण तो रोज त्याच वाटेने, त्याच उंबरठ्यावरून, त्याच यंत्रावर जात असतो. मात्र या निरीक्षणांना तांत्रिक नोंदीचा दर्जा क्वचितच मिळाला. या ज्ञानाला संस्थेचे रूप देण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. एड रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये तेथील विद्यापीठात प्रवेश घेतला. रात्री ते लोखंडी फुप्फुसात झोपत. १९७० मध्ये तेथे अपंग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र सेवाकार्यक्रम सुरू झाला आणि १९७२ मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. खुर्च्यांची दुरुस्ती ही त्या कार्यक्रमाची एक मुख्य सेवा होती. खुर्ची कोठे व कशी बिघडते हे वापरणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि दुरुस्तीवाचून स्वातंत्र्य टिकत नाही, अशी त्यामागील धारणा होती.

याच दशकांत औद्योगिक जगात झीज ओळखण्याचे शास्त्र वेगळ्या वाटेने वाढत होते. १९३९ मध्ये टी. सी. रॅथबोन यांनी यंत्राचा कंप किती असल्यास तो सह्य मानावा व किती असल्यास धोक्याचा, याचे मोजमाप सुचविले. १९६५ मध्ये कूली व ट्यूकी यांनी संकेताचे त्याच्या घटक वारंवारतांत जलद पृथक्करण करण्याची गणितपद्धती प्रसिद्ध केली; त्यामुळे बेअरिंगचा दोष, दंतचक्राचा तुटका दात, वाकडा दांडा यांच्या कंपांतील वेगवेगळ्या खुणा ओळखणे सुलभ झाले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत अणुवीजकेंद्रांतील मोटारचलित झडपांच्या वार्धक्याचा अभ्यास चालू असता आणखी एक पद्धत पुढे आली. मोटार ज्या यंत्राला फिरविते त्यातील प्रत्येक अडथळा मोटारीच्या विद्युत्प्रवाहात सूक्ष्म चढउतार निर्माण करतो. म्हणून प्रवाहाचेच पृथक्करण केल्यास यंत्राला हात न लावता त्याची प्रकृती कळू शकते. मोटार येथे स्वतःच मापनयंत्र ठरते.

या पद्धती खुर्चीपर्यंत लवकर का आल्या नाहीत? याचे एक उत्तर तांत्रिक आहे, आणि ते खरे आहे. वीजकेंद्रातील पंप एकाच वेगाने महिनोन्‌महिने फिरतो. खुर्चीची मोटार क्षणोक्षणी थांबते, उलटी फिरते, चढ चढते, सतरंजीवर रुतते. अशा अस्थिर प्रवाहातून झिजेची खूण वेगळी काढणे कठीण असते. परंतु दुसरे उत्तर व्यवस्थेत सापडते. खुर्चीचा खर्च देणाऱ्या संस्थांनी झिजेऐवजी वयाचा हिशेब ठेवला. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत अशा साधनांचे वाजवी आयुष्य किमान ५ वर्षांचे धरण्यात येते. दिवसभर घराबाहेर हिंडणारी खुर्ची आणि आठवड्यातून दोनदा वापरली जाणारी खुर्ची यांना हा एकच मापदंड लागू होतो. खुर्च्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ ७१७६’ याच्या आठव्या भागात दोन रुळांवर २,००,००० आवर्तने आणि ६,६६६ वेळा खाली आपटणे अशी खडतर परीक्षा सांगितली आहे. ही परीक्षा नव्या खुर्चीच्या नमुन्याची असते; एका विशिष्ट माणसाच्या वापरात असलेली विशिष्ट खुर्ची आज कोणत्या स्थितीत आहे, हे तिच्यावरून कळत नाही. विमानवाहतुकीच्या क्षेत्रात नोलन व हीप यांनी १९७८ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले होते की बहुसंख्य भागांच्या बाबतीत ठरावीक वयाला भाग बदलण्याने विश्वसनीयता वाढत नाही, आणि ज्या भागांची झीज दिसू शकते त्यांची अवस्था पाहूनच निर्णय घ्यावा. तो विचार विमानांना लागू झाला. खुर्च्यांच्या खर्चाच्या नियमांत वयाचाच हिशेब राहिला.

बदल घडला तो प्रवाहाचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामुळे. नियंत्रकाला मोटार जळू नये म्हणून प्रवाह मोजावाच लागतो. चढावर वेग मंदावू नये म्हणून तो मोटारीचा रोध विचारात घेऊन दाब वाढवितो. ब्रशाच्या झिजेने हा रोध बदलला की नियंत्रकाचे गणित चुकू लागते. म्हणजेच झिजेची खूण नियंत्रकाच्या अंतर्भागात आपोआप उमटते. त्यातच दोन मोटारींची एक नैसर्गिक सोय आहे. सपाट, सरळ वाटेवर दोहोंनी जवळजवळ सारखाच प्रवाह घ्यावयास हवा. एक सातत्याने अधिक घेऊ लागली तर बेअरिंग, दंतचक्र किंवा न सुटणारा ब्रेक यांपैकी कशात तरी दोष आहे असा संशय घेता येतो. एका मोटारीचे माप दुसरी मोटार होते. रुग्णाला उचलणाऱ्या यंत्रांतही असेच घडले. त्यांतील मोटार सामान्यतः २ मिनिटे चालवून १८ मिनिटे विसावू द्यावी असा दंडक असतो. काही यंत्रांचे नियंत्रक आता उचलण्याच्या खेपा मोजून तपासणीची वेळ झाल्याची खूण दाखवितात. ब्रशविरहित मोटारींचा प्रसार होत असला तरी बेअरिंग, दंतचक्रे व ब्रेक हे भाग त्यांतही झिजतातच.

येथून प्रश्नाचे स्वरूप बदलते. पूर्वी झिजेची जाणीव वापरणाऱ्याला होती, परंतु तिची नोंद नव्हती. आता नोंद आहे. परंतु ती बहुधा निर्मात्याच्या विशेष उपकरणावाचून वाचता येत नाही. ज्याची चाल त्या नोंदीत साठविलेली आहे त्यालाच ती अगम्य राहते, आणि खुर्ची डावीकडे ओढते हे त्याचे सांगणे अधिकृत तंत्रज्ञ येईपर्यंत ग्राह्य धरले जात नाही. निर्मात्यांची बाजूही दुर्लक्षणीय नाही. नियंत्रकाची मांडणी अजाणतेपणी बदलल्यास खुर्ची अस्थिर होऊन बसणाऱ्याला इजा होण्याचा धोका असतो. परंतु हा आक्षेप मांडणी बदलण्याच्या हक्काविरुद्ध आहे, नोंद वाचण्याच्या हक्काविरुद्ध नव्हे; आणि व्यवहारात हे दोन्ही हक्क एकाच कुलपाआड ठेवले गेले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये संमत केलेल्या कायद्याचे महत्त्व या संदर्भात आहे. १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आलेल्या या कायद्यान्वये विद्युत् खुर्चीच्या निर्मात्याने मालकाला व स्वतंत्र दुरुस्तीदाराला सुटे भाग, हत्यारे, माहितीपत्रके आणि यंत्रातील आज्ञावली उपलब्ध करून द्यावयाची आहे. विद्युत् खुर्च्यांपुरता असा अधिकार देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय.

फोर्ब्ज यांच्या कार्बनच्या ब्रशापासून कोलोरॅडोच्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास सुमारे १३७ वर्षांचा आहे. झीज टाळता येत नाही. ती कोठे होऊ द्यावयाची, कशी मोजावयाची आणि कोणाला सांगावयाची, एवढेच माणसाच्या हाती असते. यांपैकी पहिले दोन प्रश्न अभियंत्यांनी बऱ्याच अंशी सोडविले. तिसरा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेतून निघून हक्काच्या कक्षेत जातो, आणि त्याचे उत्तर अद्याप एका देशातील थोड्याच ठिकाणी कायद्याने दिले आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने यापुढे एखाद्या साधनाच्या निर्मितीचे साल नोंदविताना त्याच्या दुरुस्तीचे दप्तर कोणाच्या ताब्यात होते, हेही तपासले पाहिजे. ज्या साधनावर माणसाचे हिंडणे-फिरणे अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत ते दप्तर हाच इतिहासाचा प्रधान पुरावा ठरतो.