मुंबई ते शिकागो

लेक किंवा सून शिकागोला असली की आमच्यातल्या बायका आधी विचारतात, "किती तास लागतात?" मुंबई ते शिकागो हवेतून सरळ मोजलं तर साधारण 13,000 किलोमीटर. वाटेत एकदा विमान बदललं तर 20-22 तास धरायचे. बेळगावहून मुंबई गाठायची ती रात्र वेगळीच.

आपल्याकडे अंतराचा विचार आणखी एका रीतीने होई, दिग्व्रताच्या. दहाही दिशांना आपण कुठवर जाणार, याची हद्द श्रावकाने आखून घ्यायची. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश, योजनं अशा हद्दी सांगितल्यात. दहांत वरची दिशासुद्धा येते बरं! म्हणजे विमानात बसणारीला दोन हद्दी सांभाळायच्या.

1893 साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. बोलावणं होतं श्वेतांबर आचार्य आत्मारामजींना. पण साधूंचा विहार पायी, बोटीत बसणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांच्या वतीने गेले महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी, वय जेमतेम 29. ऑगस्टच्या सुरुवातीला ते मुंबईहून निघाले. सुएझ कालवा 1869 पासून खुला होता, नाहीतर सगळ्या आफ्रिकेला वळसा पडता. तरी पोचायला महिनाभर लागला. स्वामी विवेकानंदही मुंबईहूनच निघाले होते, पण 31 मे रोजी आणि पूर्वेकडून, जपानमार्गे. ते 30 जुलैला शिकागोत पोचले.

मी मात्र अडकले ती तिथींत. परिषद चालली 11 ते 27 सप्टेंबर. त्या वर्षी भाद्रपदाचा शुक्ल पक्ष 11 च्याच सुमारास लागला होता. म्हणजे श्वेतांबरांचं पर्युषण संपत आलेलं आणि आपलं दशलक्षण सुरू होणारं. इकडे घरोघरी उपवास, मंदिरात पूजा, आणि हा तरुण परक्या सभेत जैन धर्म समजावून सांगतोय. पर्युषणात माणसाने घरी असावं, हे मलाही पटतं. पण त्या वर्षी ते घरी राहिले असते तर तिथे आपल्या वतीने बोलायला कोण होतं?

समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी त्यांना विरोध केला. आत्मारामजी पाठीशी राहिले. पायी चालणाऱ्या साधूने बोटीने गेलेल्याची बाजू घेतली, हे मला फार मोठं वाटतं. विरोध झाला तरी 1896 मध्ये वीरचंद पुन्हा अमेरिकेला गेले, तेही पत्नी आणि मुलाला घेऊन. भारतातल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी तिथे संस्था काढली. 1901 साली मुंबईत ते वारले. 37 पुरी व्हायची होती.

शिकागोजवळ बार्टलेटला आता मोठं जैन मंदिर आहे, तिथे त्यांचा पुतळा आहे. लेकीकडे गेलात तर बघून या. विमानातलं जैन जेवण मात्र तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.