परवच्यापासून प्रगतिपुस्तकापर्यंत

आज आपला मुलगा शाळेंत कोणतें गणित शिकला, हें दोनशें वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्रांतील गृहस्थाला कोणाला विचारावें लागत नसे. दिवेलागण झाली कीं मुलगा ओसरीवर मांडी घालून बसे आणि परवचा म्हणूं लागे. आधीं पाढे; मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी; त्यामागून वार, महिने, तिथि, नक्षत्रें आणि एखादें स्तोत्र. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, हें आज कित्येक सुशिक्षित घरांत सांगावें लागेल. पंतोजीच्या शाळेंत धुळपाटीवर लिहिलेलें लगेच पुसलें जाई. घरीं नेण्याजोगी वही नव्हती, आणि छापील पुस्तक तर नव्हतेंच. शिकलेलें जें काय तें मुखावाटेंच घरीं यावयाचें. सवायकींत नवाचे सव्वाअकरा म्हणतांना मुलगा अडखळला, तर माळ ओढीत बसलेले आजोबा तेथल्या तेथें त्याला पुढें ढकलीत. कारण त्यांचेंही बाळपण त्याच सवायकींत गेलेलें असे, आणि बाजारांत धान्य घेतांना तीच ते वापरीत.

परवचा हें एक रोजचें प्रगतिपुस्तक होतें, आणि तें घराला वाचतां येत होतें. १८२१ सालीं मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं असें लिहून ठेवलें आहे कीं, आपला हिशोब आपण चोख ठेवण्याच्या कामीं इकडील शेतकरी व किरकोळ दुकानदार विलायतेंतील खालच्या वर्गाहून सरस आहेत. साहेबांच्या स्तुतींत थोडी अतिशयोक्ति धरली, तरी त्या हिशोबीपणाचें मूळ पंतोजीच्या छडींत जेवढें होतें तेवढेंच ओसरीवरच्या परवच्यांतही होतें असें मला वाटतें. मात्र त्या काळाचे गोडवे गातांना एक गोष्ट विसरूं नये. ज्या मुलांना पंतोजीचें दार मोकळें होतें त्यांच्याच घरचें हें सुख. मुलींना तें दार बंद होतें, अस्पृश्य गणलेल्या जातींना बंद होतें. आणि आंत बसलेल्या मुलालाही पाठ केलेल्याचा अर्थ कोणी सांगत नसे.

अर्थ सांगण्याचें काम छापील पुस्तकांनीं सुरू केलें. १८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली; जॉर्ज जर्व्हिस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें इंग्रजी गणितग्रंथ मराठींत आणविले; पुढें १८४० पासून बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दिग्दर्शना'नें सृष्टिशास्त्राचे विषय वाचकांपुढें ठेवले. या पुस्तकांबरोबर गणित ओसरीवरून उठून शाळेच्या खोलींत गेलें. १८५५ सालीं सरकारी शिक्षणखातें सुरू झालें आणि दिपोटी शाळा तपासूं लागले. मुलाच्या अभ्यासाचा जबाब तेव्हांपासून वर, खात्याकडे जाऊं लागला. बापाकडे जाणारी वाट हळूहळू गवतानें झांकली.

याला एक मोठा अपवाद पुण्यांत घडला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि १८५२ च्या फेब्रुवारींत त्यांच्या शाळेंतील मुलींची परीक्षा जाहीरपणें, लोकांसमक्ष झाली. ज्या मुलींनीं पाटी धरूं नये असें शहरांतील बडे लोक म्हणत होते, त्या विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देत आहेत, हें लोकांना समक्ष पाहावयास मिळालें. याच जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळेंत मोडी, हिशोब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान असावें अशी मागणी केली. घराला जें ओळखतां येईल, उपयोगांत आणतां येईल, तें शाळेनें शिकवावें, हा त्या मागणींतला रोख आहे. जाहीर परीक्षेची चाल पुढें मागें पडली आणि तिच्या जागीं प्रगतिपुस्तक आलें. 'गणित, शंभरांपैकीं बेचाळीस.' बेचाळीस कशाचे आणि उरलेले अठ्ठावन्न कोठें अडले, हें त्यांत कधींच नसतें. बाप सही करतो आणि मुलाचा कान धरतो.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घराचा आणि शाळेचा एक दुवा शिल्लक होता: नाणीं आणि मापें. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशें ब्याण्णव पै. मणाचे चाळीस शेर. मुलाच्या पाटीवर जें असे तेंच आईच्या फडताळांत असे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढल्या वर्षीं ऑक्टोबरांत किलो-ग्रॅम आले. सुधारणा उत्तम, दशमानानें मुलांच्या डोक्यावरचें केवढें ओझें उतरलें तें आम्ही शिक्षक जाणतों. पण सबंध एका पिढीचे आईबाप एका रात्रींत आपल्याच मुलांच्या गणितांत अडाणी ठरले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हावयाचे. पाव पैसा देणार कसा? म्हणून सरकारी कोष्टकांत एक आणा म्हणजे सहा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस असें ठरविलें होतें. दुकानदाराला कोष्टक मिळालें. शाळेंत आतां अपूर्णांकाऐवजीं दशांश कां, पावकी-निमकी कोठें गेली, हें घराला समजावून सांगणारें कोष्टक मात्र कोणी काढलें नाहीं. 'चार आणे' हा शब्द लोकांच्या तोंडीं टिकला. पंचवीस पैशांचें नाणें २०११ सालीं चलनांतून गेलें तरी तो पुरता गेलेला नाहीं.

हीच गोष्ट २०१९ च्या जूनमध्यें पुन्हां घडली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'त्रेसष्ट' या शब्दाच्या जोडीला 'साठ तीन' असें वाचन दिलें होतें. वर्तमानपत्रांत गहजब झाला, विधिमंडळांत थट्टा झाली, मराठी भाषा बुडाली असें बोललें गेलें. गणित समितीच्या अध्यक्षा श्रीमती मंगला नारळीकर (त्या २०२३ सालीं निवर्तल्या) यांनीं शांतपणें खुलासा केला कीं, जुने शब्द काढलेले नाहींत, दोन्ही वाचनें दिलीं आहेत, आणि जोडाक्षरांच्या उलट्या शब्दांपाशीं मुलें अडखळतात म्हणून ही सोय आहे. खुलासा योग्यच होता. ६३ लिहितांना आपण आधीं सहा लिहितों आणि बोलतांना आधीं तीन बोलतों. जर्मन मुलाचीही हीच फजिती होते, कानडी मुलाची होत नाहीं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक उणा. आणि नव्व्याण्णवापाशीं येतांच आपण तीही रीत सोडून देतों! सात वर्षांच्या मुलानें हें सारें न कुरकुरतां सोसावें, अशी आपली अपेक्षा असते. भाषेचा अभिमान मलाही आहे, परंतु तो या वादांत अस्थानीं खर्च झाला. खरी उणीव निराळीच होती. बदलाचें कारण पुष्कळ घरांना शाळेकडून कळलें नाहीं, थट्टेच्या बातम्यांतून कळलें.

आमचें तळवडें इंद्रायणीकांठचें, देहूच्या शेजारचें शेतकऱ्यांचें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. आतां एका अंगाला संगणकाचीं कार्यालयें, दुसऱ्या अंगाला लहान कारखाने, आणि चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांच्या खोल्या. वर्गांत मराठवाड्याचें मूल, बिहारचें मूल आणि मूळ गांवकऱ्याचें मूल एका बांकावर बसतें. यांतील पुष्कळांच्या आईबापांनीं वजाबाकी आमच्या फळ्यावरच्या रीतीनें केलेली नाहीं. बावन्नांतून सत्तावीस वजा करावयाचे. जुन्या रीतीनें दोनाचे बारा करावे, बारांतून सात गेले पांच, हातचा एक खालच्या दोनांत मिळवावा, तीन झाले, पांचांतून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस. आजच्या रीतीनें पांच दशकांपैकीं एक सुटें करावें, वर चार दशक उरले, चारांतून दोन गेले दोन, उत्तर तेंच. पण बाप रात्रीं वहींत एक खालीं मिळवितो, मूल सकाळीं वर्गांत एक वरून काढतें, आणि दोन्ही रीतींची खिचडी होऊन उत्तर चुकतें. मग मूल म्हणतें, "बाबांना गणित येत नाहीं," आणि बाप म्हणतो, "मास्तर चुकीचें शिकवितो." या दोन वाक्यांनीं जितकें नुकसान होतें तितकें नापास होण्यानेंही होत नाहीं.

शास्त्राच्या बाबतींत तर घर शाळेच्या पुढेंच असतें. मटकीला मोड कां येतात, दूध कोणत्या उबेला विरजतें, हें आईला ठाऊक असतें. परिसर अभ्यासाच्या तासाला आज हाच धडा झाला, एवढेंच तिला ठाऊक नसतें.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत शिक्षकावर टाकली आहे. चोविसाव्या कलमानुसार त्यानें पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगति त्यांना सांगितली पाहिजे. एकविसाव्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालकच असले पाहिजेत. कायदा चांगला आहे. परंतु सभा कामाच्या दिवशीं सकाळीं अकराला ठेवली तर पहिल्या पाळीचा कामगार तिला येणार कसा? आणि आलाच तर त्याला हजेरी व गुण ऐकविले जातात, वजाबाकीची रीत नव्हे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मीं नवा धडा सुरू करण्यापूर्वीं एक चिठ्ठी घरोघर धाडूं लागलों: एकच उदाहरण, आमच्या रीतीनें सोडविलेलें, खालीं दोन ओळी मराठींत व दोन हिंदींत. बहुतेक चिठ्ठ्या सहीनिशीं परत येत. एका चिठ्ठीच्या पाठीवर मात्र एका बापानें, तो वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत रात्रपाळीला होता, तेंच उदाहरण आपल्या गांवाकडच्या रीतीनें सोडवून खालीं लिहिलें होतें, "मास्टरजी, ऐसे भी आता है." दुसऱ्या दिवशीं दोन्ही रीती मीं फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडल्या, आणि त्याच्या मुलीला खडू दिला.