गाडी तापते तेव्हा : तुळजापूरच्या घाटातला कार्यकारणभाव



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला, "सर, छपाईत काही चूक नाही ना?" तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि बोलणार कशावर, तर जुन्या गाडीचं इंजिन का तापतं यावर. चूक नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध कारणता या विषयावर होता. त्यातलं निम्मं मला ग्रंथालयात कळलं आणि उरलेलं निम्मं प्रबंध सादर झाल्यावर, धाराशिवच्या एका गॅरेजमध्ये, तेलकट लाकडी स्टुलावर बसून.

न्यायशास्त्र शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक उदाहरण देतात. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं विस्तव असणार. पण त्याच परंपरेत एक सावधगिरीची सूचनाही आहे : वाफेला धूर समजू नका. वाफेवरून विस्तवाचं अनुमान केलं तर ते फसतं. मी हे वर्गात कित्येक वर्षं शिकवलं. आणि पहिल्यांदा माझ्या पद्मिनीच्या बॉनेटमधून पांढरे लोट निघाले तेव्हा "आग लागली!" म्हणून ओरडत रस्त्याच्या कडेला पळणारा मीच होतो.

आता थोडा भूगोल. सोलापूरहून तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. बराचसा रस्ता सपाट, आणि तुळजापूर जवळ आलं की बालाघाटाची चढण लागते. सह्याद्रीतल्या घाटांपुढं हा घाट म्हणजे पोर. पण एप्रिल-मेच्या दुपारी, चार माणसं आणि देवीच्या ओटीचं सामान घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढणाऱ्या गाडीला तो पुरेसा होतो. वेग कमी, म्हणून समोरून येणारी हवा कमी. इंजिनाला कष्ट जास्त, म्हणून उष्णता जास्त. त्यात वारा पाठीमागून असला तर विचारूच नका. आमच्या भागात गाडीची परीक्षा या घाटातच व्हायची. जुनी गाडी विकत घेणारा माणूस विकणाऱ्याला विचारायचा, "घाट चढते का?" बाकी रंग, सीटा, टेप वगैरे नंतर.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिचा जेमतेम पाव हिस्सा जुन्या इंजिनात चाकापर्यंत पोचतो. बाकीची बरीचशी सायलेन्सरमधून जाते, आणि साधारण तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. म्हणजे मोटारगाडीचा इतिहास हा पहिल्यापासून पाण्याचाही इतिहास आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी नुसतं उकळून उडून जायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था मुलांना घेऊन मानहाइमहून पफोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागलं. पुढं १९०० च्या सुमाराला मायबाखनं मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर काढला आणि तेच पाणी परत परत वापरता येऊ लागलं. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांपैकी बहुतेकींना पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी वर जातं, गार खाली येतं, एवढ्यावर गाडी चालायची. हे सगळं झालं जिथं पाण्याची ददात नव्हती तिथं. आमच्याकडं गाडी आली ती दुष्काळी मुलखात.

निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्यानं सत्तावीस बसगाड्यांनी मोटार वाहतूक सुरू केली. उस्मानाबाद तेव्हा त्याच राज्यात. खासगी मोटार म्हणजे जहागीरदार, वकील, बडे अंमलदार यांच्या घरची गोष्ट. सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर मोटार खरी आली ती फियाट-अँबॅसिडरच्या काळात. फियाट बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनी १९४४ ची. तिचे संस्थापक वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे, म्हणजे आमच्या घाटाच्या पायथ्याचेच म्हणा ना! पन्नाशीच्या दशकातली ती गुबगुबीत फियाट ११०० आली, तिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. पुढं तिच्याच घराण्यात पद्मिनी आली. १०८९ सीसीचं इंजिन, लोखंडी ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. हे हेड लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचंय.

१९७३ च्या मे महिन्यातली गोष्ट. ७२ च्या दुष्काळाचं ते शेवटचं, सर्वांत वाईट टोक. रस्त्यारस्त्यावर खडी फोडणारी माणसं, दुपारी सुकडी. मी बाविशीचा, मामाच्या मुलीच्या लग्नाला भाड्याच्या फियाटमधून निघालेलो. घाट चढून वर आलो आणि गाडी उकळली. ड्रायव्हरनं पुढं बंपरला छागल बांधलेली होती, ती केव्हाच रिकामी. जवळच्या वस्तीवर गेलो. एक म्हातारी दारात बसली होती, शेजारी घागर, तिच्यावर फडकं. मामांनी पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून पुढं केला. मामा म्हणाले, "आजी, प्यायला नको, गाडीला पाहिजे." तिनं तांब्या परत घागरीत ओतला. म्हणाली, "माणसाला देते बाबा. गाडीला कुठनं दिऊ?"

आम्ही दोन तास बाभळीखाली बसलो. इंजिन आपोआप गार झालं, ड्रायव्हरनं टाकीत दोन बोटं उरलेल्या पाण्यावर गाडी थांबत थांबत नेली. लग्न लागून गेलं होतं. म्हातारीवर कुणी चिडलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी गाडीतल्या सगळ्यांपेक्षा तिलाच प्रश्न नीट कळला होता.

७२ नंतर पाण्याची सोय बदलली. आडातलं, विहिरीतलं पाणी आटलं होतं, म्हणून बोअर मारायचे रिग आले आणि गावोगाव हापसे बसले. (जाता जाता : पुढं जगभर गेलेला 'इंडिया मार्क टू' हापसा ज्या पंपावरून घडला, तो सोलापूर पंप होता. आपल्या भागाला याचा अभिमान असायला हरकत नाही.) माणसं जगली ती हापशामुळं. पण खडकात खोल मुरलेलं पाणी बहुधा जड असतं. आमच्या घरातल्या बायकांना हे कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी कळलं : डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहाच्या पातेल्याला पांढरा थर. रेडिएटरला मात्र तोंड नाही. तो काय सांगणार?

१९८६ मध्ये मी जुनी पद्मिनी घेतली. दोन वर्षांनी ती तापायला लागली. आता कारणतेवर प्रबंध लिहिलेल्या माणसानं काय केलं ते ऐका. एका संध्याकाळी पंख्याचा पट्टा बदलला, होस पाइप बदलले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. "आपल्याकडं एवढा उन्हाळा, थर्मोस्टॅट कशाला?" हे तेव्हा सर्रास ऐकू यायचं. दिवस डिसेंबरचे. गाडी तापायची थांबली. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटलो की थर्मोस्टॅट हीच खरी पीडा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! एकदम तीन गोष्टी बदलल्या, वर ऋतूही बदललेला, आणि मी श्रेय दिलं चौथ्याच समजुतीला. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.

१९८९ च्या एप्रिलमध्ये वडलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापूरला झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, डॉक्टरांनी बजावलेलं की धूळ आणि ऊन टाळा. परतताना घाटाच्या दुसऱ्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला. मला वाटलं, आता वर पोचूच. ही माझी खरी चूक. आधीच्या सगळ्या चुका अज्ञानाच्या होत्या, ही हट्टाची. तिथंच कडेला घेतली असती तर अर्ध्या तासावर भागलं असतं. पुढच्या वळणावर इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. वडील दोन तास त्या धुळीत, उपरणं डोक्यावर घेऊन दगडावर बसले. एक शब्द बोलले नाहीत. शेवटी एसटीनं घरी नेलं. त्या डोळ्याला नंतर बरेच दिवस त्रास झाला. धुळीनंच झाला का? कारणतेचा अभ्यासक म्हणून मी ते सिद्ध करू शकत नाही. मुलगा म्हणून मला ते सिद्ध करायची गरज वाटत नाही.

गाडी ओढत आणली ती एका मिस्त्रींकडं. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. प्रश्न विचारले. "साब, कब तपती? खडी रहे तो, या चले तो?" मला वाटलं, तापते म्हणजे तापते. पण त्यांचा सगळा विचार इथून सुरू व्हायचा. गाडी उभी असताना, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर दोष हवेचा : पट्टा ढिला, पंखा नीट नाही. उलट वेगात, चढणीला तापते, तर पाणी फिरत नाही : रेडिएटर तुंबला, किंवा खालचा होस इतका मऊ झालाय की पंपाच्या ओढीनं आतल्या आत चिमटतो. चालू केल्यावर पाच मिनिटांतच उकळते, तर थर्मोस्टॅट अडकला किंवा हेडचं पॅकिंग गेलं. गळती दिसत नाही पण पाणी कमी होतं, तर ऑइलची पट्टी काढून बघा, सायीसारखं काही दिसतं का. आणि गाडी बंद पडली पण पाणी उकळलेलंच नाही, तर ती तापलेलीच नाही. उन्हानं पेट्रोलची पंपातच वाफ झाली आहे, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा.

हे असताना ते होतं का, हे नसताना ते जातं का. आपल्याकडं याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये याच धर्तीच्या पद्धती मांडल्या. चाचांनी दोन्ही वाचलं नव्हतं. त्यांचा नियम मात्र कडक होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि घाटापर्यंत जाऊन यायचं.

माझं पॅकिंग गेलं होतं आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं. ते फेस करून आणलं, नवं पॅकिंग टाकलं. मी खूश, पैसे काढू लागलो. चाचा म्हणाले, "पॅकिंग गया सो तो ठीक. पन गया क्यूं?" दुसरा कुणी असता तर गाडी देऊन मोकळा झाला असता. त्यांनी इंजिन कोमट होईपर्यंत चालवलं, बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश तळहात फिरवला. वरचा भाग गरम, खालचा कोपरा गार. गार म्हणजे तिथं पाणी जातच नाही. आपल्या तेरचे गोरोबाकाका संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगत, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. मला त्या तळहाताकडं बघून तीच आठवली.

रेडिएटरची टाकी झाळ काढून उघडली. आतल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली. "ये पानी कां का है, साब?" आमच्या अंगणातल्या बोअरचं. रोज सकाळी मी हौसेनं तांब्याभर ओतत होतो, गाडी तापू नये म्हणून.

पण इथंही चाचा थांबले नाहीत, आणि हा भाग मला अजून विचारात पाडतो. एकदा भरलेल्या पाण्यातला क्षार थोडाच असतो. तेवढ्यानं नळ्या बुजत नाहीत. रोज नवं पाणी घातलं तर रोज नवा क्षार येतो. मग रोज घालावं का लागत होतं? त्यांनी रेडिएटरचं झाकण उलटं केलं. आतली रबरी चकती चिरलेली. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. चकती चिरली, दाब सुटला, वाफ जाऊ लागली, मी पाणी घालू लागलो, क्षार साठू लागला, नळ्या बुजल्या, इंजिन आणखी तापलं, मी आणखी पाणी घातलं.

तर मग कारण कोणतं? चकती? बोअरचं पाणी? माझा तांब्या? घाट? नैयायिक म्हणतात, घडा होण्याला कुंभार लागतो, माती लागते, चाक लागतं. माती वाहून आणणारं गाढव प्रत्येक वेळी हजर असलं तरी ते कारण नव्हे. या गोष्टीतलं गाढव कोणतं, यावर मी वर्गात दरवर्षी वाद लावून द्यायचो. एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, गाढव तुम्ही." वर्ग हसला. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले, कारण तिनं पुढं तर्क नीट मांडला : पाणी कुणी ओतलं यानं फरक पडत नाही, ते कसलं होतं यानं पडतो.

रेडिएटरवाल्यानं नळ्यांतून सळया मारल्या, कॉस्टिकनं धुतलं, झाळ दिली. थर्मोस्टॅट परत बसवायला चाचांनीच लावलं. नवं झाकण आलं. पुढं मी पावसाचं पाणी गाळून डब्यात भरून ठेवायचो, गाडीसाठी. घरात यावरून भांडण झालं, ते रास्तच होतं. डाळही त्याच पाण्यात चांगली शिजायची. शेवटी निम्मं निम्मं ठरलं. पद्मिनी आणखी नऊ वर्षं चालली.

उकळत्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेल. माझ्या उजव्या मनगटावरचा डाग पहिल्या सूचनेचा आहे, जवळ येऊन बघू शकता. चाचांनी त्या दिवशी नळ्यांतले खडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मला दिले होते. निवृत्त होईपर्यंत ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात होती. आज आणली आहे. पुढच्या रांगेतून फिरवा, पण कागद जपून उलगडा, फार जीर्ण झालाय. तोवर प्रश्न घेऊ.