भागीचं घोडं आणि प्लिमथचा मका



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे निम्मे झाले असतील. आकाशकंदील उतरवून ठेवतो न ठेवतो तोच दुकानांतून टर्कीच्या जाहिराती लागतील आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आपण कुणाच्या तरी घरी जमू. टर्की असेल किंवा नसेल, मटार पुलाव नक्की असेल.

अशाच एका थँक्सगिव्हिंगच्या जेवणात काही वर्षांपूर्वी एक वाद झाला. यजमान स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेले गृहस्थ. ते म्हणाले, "या सणाचा खरा धडा शाळेत शिकवतच नाहीत. आधी सगळं सामाईक होतं, म्हणून लोक उपाशी मेले. ज्याची त्याला जमीन दिली आणि कोठारं भरली. त्याचाच हा सण." कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी उसळून म्हणाली, "बाबा, पण जमीन कुणाची होती?" मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही सांगा." त्या दिवशी मी दोघांनाही अर्धवट उत्तर देऊन पुलावाकडे वळलो. आयुष्यभर आर्थिक इतिहास शिकवलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. पूर्ण उत्तर आज देतो.

१६२० च्या नोव्हेंबरात 'मेफ्लॉवर' जहाज १०२ प्रवाशांना घेऊन केप कॉडला लागलं. पुढच्या वसंतापर्यंत त्यांतले सुमारे निम्मे थंडीने आणि रोगाने गेले. उरलेल्यांनी प्लिमथला वस्ती केली, शेती सामाईक केली, आलेलं धान्य एका कोठारात भरलं आणि तिथून सर्वांना वाटून दिलं. यजमानांचं इथपर्यंतचं म्हणणं बरोबर आहे.

पण ही सामाईक शेती कुठल्या तत्त्वज्ञानातून आली नव्हती, ती करारातून आली होती. प्रवासाचा खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी उचलला होता. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाचा दहा पौंडांचा एक हिस्सा धरला होता. सात वर्षं सगळी कमाई एकत्र ठेवायची आणि मग भांडवल व नफा दोन्ही हिश्श्यांप्रमाणे वाटून घ्यायचे, अशी अट होती. घरं आणि परसबाग स्वतःची असावी, आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मिळावेत, एवढंच निघणाऱ्यांचं मागणं होतं. व्यापाऱ्यांनी तेही खोडलं. समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेब मांडणं नेहमीच सोपं वाटतं.

या व्यवस्थेत काय बिघडलं, ते वस्तीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने अनेक वर्षांनी लिहून ठेवलं. धडधाकट तरुण कुरकुरू लागले: दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी आम्ही फुकट का राबायचं? बायकांना परक्या पुरुषांचे कपडे धुणं आणि स्वयंपाक करणं गुलामीसारखं वाटू लागलं. जास्त काम करणाऱ्याला आणि कमी करणाऱ्याला वाटा सारखाच. ही माणसं आळशी नव्हती. देवाधर्माची, कडक शिस्तीची होती, आणि तरीही असं झालं. आपल्याकडे हे एका म्हणीत आहे: भागीचं घोडं किवणानं मेलं. बसायचं सगळ्यांनी, त्याची जखम मात्र कुणी धुवायची नाही.

१६२३ च्या वसंतात ब्रॅडफर्डने प्रमुख मंडळींशी बोलून प्रत्येक कुटुंबाला माणशी जमीन नेमून दिली. ज्याने पेरलं त्याचं पीक. परिणाम लगेच दिसला. पूर्वी अशक्तपणाचं कारण सांगणाऱ्या बाया आता लहान मुलांना घेऊन आपणहून मका लावायला शेतात आल्या. त्यांच्यावर तेव्हा सक्ती केली असती तर तो जुलूम ठरला असता, असंही ब्रॅडफर्ड नमूद करतो. आम्ही अर्थशास्त्राचे मास्तर ज्याला आर्थिक प्रेरणा म्हणतो, ती याहून सोप्या शब्दांत मला कधी वर्गात सांगता आली नाही. कष्ट आणि फळ यांची गाठ बांधली, की मागे उभं राहून हाकावं लागत नाही.

आता ही गोष्ट सांगताना जे गाळलं जातं ते पाहू.

पहिलं म्हणजे, ज्या मेजवानीवरून आजचा सण सांगतात, ती १६२१ च्या शरद ऋतूतली. म्हणजे जमीन वाटण्याच्या दोन वर्षं आधीची, आणि सामाईक शेतीच्याच पिकावरची. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रानुसार त्या वर्षी मका चांगला आला, जव बेताचा आला आणि वाटाणा काढण्याच्याही लायकीचा नव्हता. तरीही मेजवानी झाली. त्यानंतरचे उपासाचे दिवस नुसत्या आळसामुळे आले नाहीत. नोव्हेंबरात दुसऱ्या जहाजातून ३५ नवी माणसं उतरली आणि त्यांनी सोबत धान्य आणलं नव्हतं. सगळ्यांना अर्ध्या शिध्यावर यावं लागलं. १६२३ च्या उन्हाळ्यातही आधी मोठा दुष्काळ पडला आणि मग पाऊस आला, तेव्हा पीक हाती लागलं. त्या पावसाबद्दल त्यांनी आभाराचा खास दिवस पाळला.

दुसरं, १६२३ ची जमीन मालकीची नव्हती. ती फक्त कसायला दिली होती, वारसाहक्काने नव्हे. पुढच्या वर्षी माणशी एक एकर कायम झाली. आणि त्याच १६२३ च्या व्यवस्थेत आणखी दोन कलमं होती. वस्तीतला प्रत्येक पोरका मुलगा आणि एकटा तरुण कुठल्या ना कुठल्या कुटुंबात घातला होता. आणि सुगीला प्रत्येकाने धान्याचा काही भाग वस्तीचं काम पाहणाऱ्यांसाठी आणि कोळ्यांसाठी आणून द्यायचा होता, कारण त्यांना शेती करायला सवड नव्हती. म्हणजे 'ज्याचं त्याला' एवढंच ब्रॅडफर्डने ठरवलं नाही. ज्याला कुणी नाही तो कुणाच्या ताटात जेवणार, हेही त्याच वेळी ठरवलं. जबाबदारी या शब्दाला दोन बाजू आहेत. आपण मुलांना सहसा एकच शिकवतो.

तिसरं, मुलीचा प्रश्न. प्लिमथ वसलं ते पटक्सेट नावाच्या गावाच्या जागी. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडलं होतं. झाडी तोडून सपाट केलेली शेतं या लोकांना आयती मिळाली. त्याच गावचा टिस्क्वान्टम, ज्याला आपली मुलं स्क्वांटो म्हणून ओळखतात, १६१४ मध्ये पकडून स्पेनला विकायला नेला गेला होता. इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा त्याचं गावच उरलं नव्हतं. मका लावताना मातीत मासे खत म्हणून पुरायचे, हे त्याने या नवागतांना शिकवलं. १६२१ च्या मेजवानीला वाम्पानोॲगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. इंग्रज तेव्हा पन्नासच्या आसपास होते. आणखी पन्नासेक वर्षांनी, १६७५ मध्ये, मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम आणि इंग्रज वसाहती यांच्यात भीषण युद्ध झालं. १९७० पासून तिथले मूळ लोक आणि त्यांचे साथी त्याच गुरुवारी प्लिमथला शोकदिन पाळतात.

आणि व्यापाऱ्यांचं काय झालं? १६२७ मध्ये वस्तीने १८०० पौंड कबूल करून त्यांचे हिस्से विकत घेतले. ते कर्ज १६४० च्या दशकापर्यंत फिटत राहिलं. मका आपला झाला तरी सावकार लगेच सुटला नाही, हे आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

तर त्या यजमानांना माझं उत्तर असं: तुमचा धडा खरा आहे. आपण इथे दोन बॅगा घेऊन आलो, राबलो आणि राबल्याचं फळ आपल्या घरात आलं. तसं येणार नसतं तर आपल्यातले निम्मे परत गेले असते. पण मी आलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला आलेला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. त्याच्या घरी तीन आठवडे राहिलो. त्याने भाडं घेतलं नाही, वर पहिला जाड कोट दिला. ज्या विद्यापीठात मी शिकलो ते माझ्या बापाने बांधलं नव्हतं. साफ केलेलं शेत मलाही आयतंच मिळालं होतं.

आणि त्या मुलीला माझं उत्तर: तुझा प्रश्न बापाच्या कष्टांना खोटं ठरवत नाही. तो हिशेब पूर्ण करतो. तू तो विचारत राहा, पण त्याआधी त्यांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घे. त्यांच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल तू त्यांना कधी विचारलं आहेस का?

यंदा तुमच्या घरी जेवण झालं की एवढं करून पाहा. घरातल्या मोठ्यांनी मुलांना सांगावं, की मी इथे आलो तेव्हा पहिला मका मला कुणी लावायला शिकवला. नाव घेऊन सांगावं. आणि मग उठून भांडी घासायला सगळ्यांनी जावं, कारण तेही भागीचं घोडं आहे, आणि यजमानीणबाई ते दर वर्षी एकट्याच धूत असतात.