धारवाडची मोजपट्टी, बडोद्याची मानके

तापीच्या मुखाशी हजीऱ्यास खतांचे व वायूचे कारखाने आले, तशी आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या काही मराठी घरांतील मंडळीही नोकरीनिमित्त तिकडे गेली. अशाच एका घरातील, आमच्या नात्यातल्या मुलाची काही वर्षांपूर्वी मराठीतून बुद्धिमापन चाचणी झाली. मुलाने खिडकीस ‘बारी’ म्हटले, बरेचसे मनातल्या मनात गुजरातीत जुळविले, आणि कागदावर ‘सरासरीहून कमी’ असा शेरा पडला. घरच्यांची झोप उडाली. आम्ही मात्र या मोजपट्टीचे मूळ शोधू लागलो.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी शाळेत जादा साहाय्य लागणारी मुले ओळखण्यासाठी ती प्रथम रचली. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी तिला अमेरिकन रूप दिले. त्यात सहा वर्षांच्या मुलाने चार नाणी ओळखावयाची असत. ती अर्थात तिकडचीच! मुंबई इलाख्यातील कानडी व मराठी मुलांसाठी हे काम धारवाडास डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा शोधनिबंध १९३४ चा, तर ग्रंथ १९४० चा. अशा कामात भाषांतर हा सोपा भाग होय. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या पायरीवर ठेवावयाचा, हे येथील मुले प्रत्यक्ष तपासल्यावाचून ठरत नाही. अमेरिकेत सहाव्या वर्षी साधणारी गोष्ट धारवाडात पाचव्या वा सातव्या वर्षी साधत असेल, तर त्यात मुलाचा दोष काय? ‘बिने-कामत’ हे नाव आपल्याकडील मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी रुळले, ते या कष्टामुळे.

गुजरातेतही असे काम झाले, आणि तेही एका मराठी आडनावाने. बडोद्यास प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन मापनाच्या आधारे तान्ह्या मुलांची मानके सिद्ध केली. पुढे त्यातून झालेल्या भारतीय मापनात शारीरिक हालचालींच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. तान्हे बाळ बोलत नाही, म्हणून तेथे भाषेची अडचण थोडी. आमची मुले बोलू लागली की खरी पंचाईत. घरात मराठी, अंगणात गुजराती. मग मोजावे कोणत्या मापाने?

त्या मुलास पुढे दुसऱ्या तपासनीसांकडे नेले. त्यांनी दोन्ही भाषांतील उत्तरे ग्राह्य धरली आणि शेरा पुसला गेला. पहिला कागद मात्र शाळेच्या दप्तरी तसाच आहे. तो काढून घ्यावा म्हणून आम्ही रीतसर अर्ज केला असून पोच जपून ठेवली आहे.